तीनदा खोडलेला नकाशा

आमचे मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले की मला बारीक ताप येतो. तिथून ते दर वेळी एक शब्द घेऊन परततात आणि मग तो शब्द आम्ही वर्षभर पोसायचा. एका वर्षी 'आनंददायी' होता. त्या वर्षी फळ्याभोवती फुगे लावून मी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला. पुढच्या वर्षी धुळ्याहून ते 'स्तरनिहाय' घेऊन आले.

मी शिरपूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या पट्ट्यात कापूस, केळी आणि आम्ही. स्तरनिहाय म्हणजे धडा एक, पण कृतिपत्रिका तीन. हुशारांना अवघड, मधल्यांना बेताची, कच्च्यांना सोपी. कल्पना वाईट नव्हती. शिक्षणातल्या बहुतेक कल्पना कागदावर येईपर्यंत वाईट नसतातच.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या परिसराचा एक नकाशा काढला. डोंगर, त्यातून उतरणाऱ्या नद्या, तापी, समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या समोच्च रेषा. मग तो तीनदा खोडला. पहिल्या प्रतीत रेषा ठेवून नावं काढून टाकली आणि विचारलं, धरण कुठे बांधाल आणि का? दुसरीत उतार बाणांनी दाखवून निम्मी नावं भरून दिली. तिसरीत रेषाच पुसल्या. उरलं ते एवढंच : नदी निळी करा, डोंगर तपकिरी करा, तापीला गोल करा. नकाशा तोच असल्यामुळे आज सोप्यावर असलेलं मूल उद्या अवघडावर जाऊ शकत होतं. सगळी मेहनत त्यासाठीच होती. मी सरांना म्हटलं, तिन्ही भाग एकाच कागदावर खालून वर छापू. ज्याला जेवढं चढता येईल तेवढं तो चढेल.

"मग फोटोत काय दिसणार, मॅडम?" सर म्हणाले.

फोटोत दिसावं म्हणून रंग आले. शिरपूरच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद स्वस्तात मिळाला, कुठल्यातरी जाहिरातीचा पिवळा मिळाला, पांढरा शाळेतच होता. पांढरा हुशारांना, पिवळा मधल्यांना, गुलाबी कच्च्यांना. परिपाठाला सरांनी भाषण केलं. कोणताही रंग मोठा नाही, कोणताही लहान नाही, बागेत सगळीच फुलं हवीत. पोरं मान डोलावत होती. वर्गात शिरेपर्यंत त्यांचा हिशोब झाला होता.

"ए गुलाबो, सरक तिकडे."

"तुले काय, नदी निळी कर नि घर जाय."

वर्गाचे तीन गट मी एका चाचणीवरून पाडले होते. सरांना ते समसमान हवे होते, कारण भिंतीवरच्या तक्त्यात तीन सारखे खांब शोभतात. गुलाबीत मुलं कमी पडली, म्हणून चाचणीला गैरहजर असलेल्या सगळ्यांना त्यांनी त्यात घातलं. कापूस वेचणीचे दिवस होते. गैरहजर म्हणजे कच्चा, हे इतकं सोपं आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या गैरहजरांत नववीतली एक मुलगी होती. तिचा चुलतभाऊ त्याच वर्गात होता. एकाच घरातली, एकाच आजोबांची ही दोन नातवंडं. मुलगा चाचणीला हजर होता आणि योग्य मुलाच्या शेजारी बसला होता, म्हणून तो पांढऱ्यावर गेला. ही बातमी शाळेबाहेर फारशी महत्त्वाची ठरली नसती. पण त्या घरात एक निर्णय व्हायचा होता. धुळ्याला त्यांची आत्या राहत होती. ती दोघांपैकी एकाला दहावीसाठी ठेवून घेणार होती, क्लासही लावणार होती. कोणाला न्यायचं ते आजोबा ठरवणार होते. उरलेलं मूल आमच्याच शाळेत दहावी करू शकलं असतं, पण आजोबांचं म्हणणं असं की गावात राहून दहावी करणं म्हणजे वर्ष वाया. आमच्या शाळेविषयीचं त्यांचं मत आमच्या निकालाला धरूनच होतं.

मुलाच्या पांढऱ्या कृतिपत्रिका फार सुरेख भरून यायच्या. घरून करून आणायच्या असत त्या. प्रत्येक नदीवर प्रवाहाची दिशा दाखवणारा बारीक बाण, डोंगराच्या उताराला तिरप्या रेघा. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, समोच्च रेषा एकमेकींच्या जवळ आल्या तर काय समजायचं? तो म्हणाला, "गर्दी." वर्ग हसला. तीव्र उतार भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशावर दाखव म्हटल्यावर त्याने आत्मविश्वासाने अरबी समुद्रावर बोट ठेवलं.

"मग हे कोणी भरलं?"

"मीच, मॅडम. घरी जमतं."

मी मुलीच्या गुलाबी कागदाकडे पाहिलं. कोणी सांगितलं नसताना तिने निळ्या नदीवर तोच बारीक बाण काढला होता. मधल्या सुट्टीत तिला विचारलं. ती लाजली नाही, घाबरलीही नाही.

"तो घरी आणतो, मॅडम. माझं लगेच होऊन जातं, मग त्याचं करते."

"अवघड नाही जात?"

"त्यात विचारतात तरी काहीतरी."

मी दोन्ही कागद घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान ओशाळतील. ते आनंदाने उभे राहिले.

"अप्रतिम! गुलाबीतून थेट पांढऱ्यात! अशीच एक केस हवी होती मला."

"मग उद्यापासून तिला पांढरा देते."

"उद्या? मॅडम, उद्या कोण बघणार आहे?" त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं. जिल्ह्याचे साहेब शाळेला भेट देणार होते. त्या दिवशी व्यासपीठावर स्तरोन्नती सोहळा करायचा, साहेबांच्या हस्ते मुलीला पांढरा कागद द्यायचा असं त्यांनी मनात आखलं होतं. "प्रगती त्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. आधीच झाली तर ती नुसती हुशार मुलगी उरते."

साहेबांची भेट एकदा बैठकीमुळे पुढे गेली, एकदा दुसऱ्या एका साहेबांच्या भेटीमुळे. तोवर मुलगी नदी निळी करत राहिली. मी सरांना पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं. गुपचूप पांढरा कागद दिला, तर तिने तो परत आणून माझ्या टेबलावर ठेवला. भावाने घरी आरडाओरडा केला होता, की ही माझा कागद चोरते.

साहेबांच्या आधी पालक मेळावा आला. सभागृहात दोऱ्या बांधून, रंगांच्या रांगा करून, मुलांच्या नावांसह कृतिपत्रिका टांगल्या होत्या. जत्रेतल्या पताकांसारखं दिसत होतं. पालकांना वाचता येवो न येवो, रंग सगळ्यांना येत होते. आपापल्या पोराची दोरी शोधून लोक तिच्याखाली उभे राहत आणि गुलाबीखालचे थोड्या वेळाने चहाच्या टेबलाकडे सरकत.

आजोबा आले ते काठी टेकत, पांढऱ्या टोपीत. दोन्ही दोऱ्यांखाली जाऊन आले आणि माझ्यासमोर थांबले.

"मॅडम, मना नातू पांढरावर शे, नात गुलाबीवर. बठ्ठं समजनं मले."

मी म्हटलं, "आबा, तसं नाहीये. मुलगी फार हुशार आहे. मुलाचे कागदसुद्धा तीच भरते."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बनवाबनवी करणाऱ्या व्यापाऱ्याकडे बाजारात पाहतात तसं.

"हुशार शे, मंग गुलाबीवर काब्र? तुम्हीच दिधं ना गुलाबी?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून बाहेर काढणं म्हणजे वेड्यात निघणं होतं. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी बागेतली फुलं पुन्हा सुरू केली. आजोबांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"फुलं राहू द्या, सर. ती हुशार शे का नही, तेवढं सांगा."

"आहे ना, आबा! लवकरच तिला पांढरा मिळणार आहे. साहेब येणार आहेत, त्यांच्या हातून..."

"आत्तेच द्या ना. कागदच शे ना तो."

"तसं नाही चालत, आबा. एक प्रक्रिया असते."

"म्हणजे साहेब येई, मंग ती हुशार व्हई?"

आजूबाजूचे हसले. सरही हसले, पालकांचा सहभाग वाढल्याच्या आनंदात. आजोबा मात्र हसले नाहीत. चहाही न घेता ते गेले. त्यांनी आम्हा दोघांना अगदी बरोबर ओळखलं होतं : आपल्या शब्दाला जागून एक कागद बदलण्याची ज्यांची तयारी नाही, अशी माणसं. अशांच्या शब्दावर नातीचा निकाल ते का म्हणून लावणार? धुळ्याला मुलाचं नक्की झालं.

त्यानंतरच्या आठवड्यातही मुलाच्या पांढऱ्या कागदांवर ते बाण होतेच. मी तिला विचारलं, "अजून त्याचं तूच करतेस?"

"आबा म्हणाले, त्याला धुळ्याला जायचंय, त्याचं आधी कर."

"आणि तुझं?"

"माझं काय, मॅडम. नदी निळी करायची असते."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी साहेब आले. शाल, नारळ, रोपटं, स्वागतगीत. सरांनी तीन खांबांचा तक्ता समजावून सांगितला आणि साहेबांनी तो समजल्याचा चेहरा केला. मुलीला व्यासपीठावर बोलावलं. तिच्या हातातला गुलाबी कागद साहेबांनी घेतला, पांढरा दिला. फोटोग्राफरला कोन जमला नाही, म्हणून गुलाबी परत तिच्या हातात देऊन पुन्हा घेतला. टाळ्या झाल्या.

"बाळा, आता कसं वाटतंय?" साहेबांनी माइकवर विचारलं.

"आता मला खूप आत्मविश्वास वाटतो," ती म्हणाली. हे सरांनी पाठ करून घेतलं होतं.

"शाब्बास! आता पुढे काय करणार?"

हे पाठ करून घेतलेलं नव्हतं. तिने सरांकडे पाहिलं. सर हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होते.

"परीक्षा झाली की शाळा सोडणार," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज स्वच्छ होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"छान! खूप छान!" साहेब म्हणाले. तोवर त्यांचं लक्ष पुढच्या शालीकडे गेलं होतं. पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जास्त.

पांढरा कागद तिने घरी नेऊन आजोबांना दाखवला. दुसऱ्या दिवशी तिनेच मला सांगितलं. आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच विचारलं, की हा कागद मेळाव्याच्या दिवशी कुठे होता. आत्याला शब्द गेलेला होता. मी त्यांच्या घरी जाऊन ओट्यावर बसून आले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, केळी दिली आणि विषय तेवढा दिला नाही. जूनमध्ये मुलगा धुळ्याला गेला आणि मुलगी आईबरोबर केळीच्या बागेत कामाला जाऊ लागली.

त्या पावसाळ्यात आमच्या उपक्रमाची निवड झाली. जळगावला भूगोल शिक्षकांसमोर सादरीकरण होतं. सरांनी मलाही नेलं, 'साहित्यनिर्मिती' या मथळ्याखाली. पडद्यावर माझे तिन्ही नकाशे झळकले आणि मग तो फोटो : साहेब, मुलगी, दोघांच्या मध्ये पांढरा कागद. तक्त्यातल्या गुलाबी खांबातून एक रेघ कमी होऊन पांढऱ्यात वाढलेली दिसत होती.

"सर, ही मुलगी आता कितवीत आहे?" मागून एका शिक्षिकेने विचारलं.

"ती प्रगतिपथावर आहे," सर म्हणाले.

"तिने शाळा सोडली," मी म्हणाले. माइक माझ्यासमोर नव्हता, पण वर्गावर ओरडून माझा आवाज तयार झालेला आहे. "चार महिने तिला गुलाबीवर अडकवून ठेवलं, कारण साहेब यायचे होते. घरच्यांनी तो रंग पाहून निर्णय घेतला."

सर आपल्या बुटांकडे पाहू लागले. क्षणभर मला वाटलं, आता कोणीतरी उठेल आणि आमची सालटी काढेल. मी त्याची वाट पाहत होते.

यावलकडचा एक तरुण शिक्षक उठला. हातात पेन, समोर उघडी वही.

"मॅडम, आमच्याकडे गुलाबी कागद मिळत नाही," तो म्हणाला. "निळा चालेल का?"