तीन सिस्टरांचा साचा

मी चौथी शिकलोय, पण आखातात, दुखान गावच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं फिटर होतो. माझ्या हातून गेलेली वस्तू दुरुस्तीला परत आली नाही, हे आधीच लिहून ठेवतो. आता इथंच शहरात, अल मुंतझाला मुलाच्या फ्लॅटवर राहतो आणि सुनेचा मिक्सर उघडून बसतो, बिघडलेला नसला तरी.

मागच्या ऑक्टोबरात मुलाच्या वेस्ट बेच्या ऑफिसातला जर्मन इंजिनियर एक जड बॅग घेऊन घरी आला. आत लांब दांड्यांचा, दोन तव्यांचा लोखंडी साचा. एका तव्यावर कोकरू कोरलेलं. मी वसईचा कॅथलिक, कोकरू म्हणजे आमच्या प्रभूची खूण, बघताच ओळखलं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जिभेवर ठेवतात ती पातळ पांढरी भाकर यात भाजतात.

जर्मनाचं गाव सगळं लुथरवाल्यांचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं, तोही त्यातलाच. गावाबाहेर मात्र एक जुना कॅथलिक मठ टिकलाय, त्यात तीन म्हाताऱ्या सिस्टर. आसपासच्या चर्चना ही भाकर त्याच पुरवतात, लुथरवाल्यांनासुद्धा, आणि त्यावरच मठ चाललाय. आता साचा वाकडा मिटत होता. भाकर एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला करपलेली. बिशपनं कळवलं होतं की नाताळापर्यंत काम सुरू झालं नाही तर तिघींना शहरातल्या मोठ्या मठात हलवू.

मी विचारलं, यात तुझं काय जातंय? तो म्हणाला, त्याची आई मठाची दुपारची घंटा ऐकून बटाटे चुलीवर ठेवते. कारण मला पटलं.

कोरीवकाम घासून तवा सपाट करा, असं त्याचं म्हणणं. "भाकर ती भाकर, उस्ताद."

"कोकरू राहणार," मी म्हणालो. "तुमच्या लोकांनी आमच्या चर्चमधलं कोरीव आधीच पुष्कळ घासून टाकलंय."

मुलानं याचं इंग्रजी केलं नाही. पण त्याचा चेहरा बघून जर्मन हसला.

त्याचं विमान शुक्रवारी. दोन दिवस मी बिजागरीवर उगाच कानस मारत बसलो. चूक माझी होती, पण तेव्हा कबूल केलं नाही. तिसऱ्या दिवशी सुनेची लिपस्टिक घेतली, एका तव्याला फासली आणि साचा मिटला. दुसऱ्या तव्यावर रंग फक्त डावीकडे उठला. म्हणजे बिजागरीची पिन झिजलेली. नवी पिन केली, खाली तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग दिलं. मग रंग सगळीकडे सारखा उठला.

"पप्पा, तुमच्या कोकराला माझ्यापेक्षा जास्त लिपस्टिक लागली," सून म्हणाली.

साचा धुऊन कणीक-पाणी कालवून चाचणी घेतली. भाकर पातळ निघाली, जर्मन उभ्याउभ्या चार खाऊन गेला. शुक्रवारी साचा विमानात बसला.

डिसेंबरात त्यानं मुलाला कळवलं की बिशपचा माणूस येऊन भाकर बघून गेला, तिघी आहेत तिथंच राहणार.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. कोकराचा कान झिजला होता, तो मी कोरायच्या पोलादी सुईनं नवा कोरला. आमच्याकडे शेळ्या, कोकरू मी जवळून कधी पाहिलेलं नाही. आता लुथरवाले म्हणतात, कॅथलिकांचं कोकरू शेळी झालं. सिस्टर म्हणतात, कोकरूच आहे.

मी सिस्टरांच्या बाजूचा.