मार्था पाटोळे यांचं नाव मी वाचलं

अकरावी मेणबत्ती लावून मी मंडळीकडे वळलो, तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक बाई अजून उभीच होती. बाकी सगळे बसले होते. मी प्रार्थनेला सुरुवात करणार, तोच ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या आईचं नाव राहिलं."

हुबळीतल्या एका लहान लूथरन मंडळीचा मी बावीस वर्षं पाळक होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमचं उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या चार आठवडे आधी आगमनकाळ लागतो, तेव्हा आमचं नवं वर्ष. त्याच्या आदल्या रविवारी जुनं संपतं. त्या दिवशी वर्षभरात वारलेल्यांची नावं वेदीसमोर वाचतात. प्रत्येकासाठी घंटेचा एक टोल आणि एक मेणबत्ती. उपदेश शेवटच्या न्यायाचा. कामाच्या दृष्टीनं मला हा रविवार सोपा वाटायचा. यादी सेक्रेटरी देतो, आपण वाचायची.

उभी राहिलेली बाई रूथ. अळणावरला नर्स आहे. सकाळच्या गाडीनं मुद्दाम आली होती.

"आईचं नाव काय?"

"मार्था पवार. जूनमध्ये अळणावरला माझ्याकडे असताना गेली. मी चर्चमध्ये फोन करून कळवलं होतं."

मी कागद पाहिला. शेवटच्या, अकराव्या ओळीत मार्था होतं, पण पुढं पाटोळे. मी वाचलंही तसंच होतं.

रूथची माफी मागितली. तिच्या आईचं नाव नीट वाचलं, पुन्हा टोल दिला, बारावी मेणबत्ती लावली. रूथ बसली. मी पुढची उपासना चालवली खरी, पण नजर सारखी अकराव्या मेणबत्तीकडे जात होती. ती कोणाची?

उपासना संपल्यावर आतल्या खोलीत सेक्रेटरी मनोहरअण्णांना गाठलं.

"अण्णा, पाटोळेबाई कधी गेल्या?"

"गेल्यात की. जूनमध्ये फोन आलता. मी 'मार्था पी.' असं लिहून ठेवलं. यादी करताना वाटलं, पी म्हणजे पाटोळे."

"पवार का नाही वाटलं?"

"पाटोळेबाई बरेच दिवस दिसल्या नव्हत्या, साहेब."

"मग त्या जिवंत आहेत?"

"आता ते मी कसं सांगू?"

मला रागावता येईना. नाव वाचताना मीही क्षणभर हळहळलो होतो. अंत्यविधीच्या वेळी आपण गावाला गेलो असू, अशी मनाची समजूतही घातली होती. समोर ऐंशी माणसं मान खाली घालून बसली होती. एकानंही मान वर केली नव्हती. आणि उपदेशात मी सांगणार होतो की शेवटच्या दिवशी राजा विचारील, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही मला भेटायला आलात का. तो उपदेश मी दिलाही.

पाटोळेबाईंकडे जुन्या हुबळीत जायला निघालो तेव्हा रूथ म्हणाली, "मीही येते. आईची मैत्रीण होत्या त्या."

पाटोळेबाईंची खोली जाधवांच्या भांड्यांच्या दुकानावर. जाधव मूळचे कोल्हापूरकडचे. मी विचारण्याआधीच ते म्हणाले, "चर्चचे ना? बरं झालं आलात बगा. अक्का वर आहेत. आमची मंडळी आत्ताच भाकरी देऊन आली."

मंडळी म्हणजे त्यांची बायको. पण तो शब्द मला बोचला.

पाटोळेबाई कॉटवर बसल्या होत्या. वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून जिना उतरल्या नव्हत्या. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"पाळकसाहेब? कोण गेलं?"

पाळक दारात आला म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या लेखी उरला होता. मी आडवळण न घेता सांगितलं, "आज मृतांच्या यादीत तुमचं नाव वाचलं मी. चूक झाली."

"कोणी काही बोललं नाही?"

"नाही."

"मनोहर होता?"

"होता."

"दृढीकरणाच्या वर्गात त्याला मीच शिकवलंय." दृढीकरण म्हणजे मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याचा विधी; त्याआधी असा वर्ग असतो. मग त्या म्हणाल्या, "पण मग गेलं कोण?"

रूथ दाराशीच थांबली होती. ती पुढं आली. "मावशी, आई गेली."

"कधी?"

"जूनमध्ये."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "पाच महिने रोज प्रार्थना करतेय मी. तिचे गुडघे बरे होऊ देत म्हणून."

मग त्या रडल्या. स्वतःचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलं, त्याला रडल्या नव्हत्या. रूथ त्यांच्या शेजारी बसली. मी उभाच होतो.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "प्रभुभोजन आणलंय?"

आजाऱ्याकडे जाताना पाळकाजवळ भाकर आणि द्राक्षारसाची छोटी पेटी असते. मी ती आणली नव्हती.

"म्हणजे चूक दुरुस्त करायला आलात. माझ्याकडे नाही आलात."

खरंच होतं ते. रिक्षा करून चर्चमध्ये गेलो, पेटी घेऊन परत आलो. प्रभुभोजनाआधी पापांगीकार असतो. आजारी माणूस आपली पापं कबूल करतो, पाळक क्षमा जाहीर करतो. मी म्हणालो, "बाई, आज आधी मी." गुडघे टेकले आणि सगळं बोललो. वर्षभर आलो नाही, विचारलं नाही, मेलात असं धरून चाललो.

देवाची क्षमा कोणाही ख्रिस्ती माणसाला दुसऱ्याला सांगता येते, असं आम्ही शिकवतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"क्षमा कृपेनं मिळते, आपल्या कामांनी नाही. असंच शिकवता ना?"

"हो."

"मग उठा. पण येत जा."

पुढच्या रविवारी, आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मी हे सगळं मंडळीला सांगितलं. मनोहरअण्णा आपणहून उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझी. मी म्हटलं, तुमची एकट्याची नाही. त्या आठवड्यात सात-आठ जण पाटोळेबाईंकडे जाऊन आले. नाताळ उलटला तसे दोघेच उरले. रूथ मात्र महिन्यातून एकदा अळणावरहून यायची. जाधवांच्या घरून भाकरी येतच होती. पाटोळेबाई आणखी अडीच वर्षं जगल्या.

मंडळीच्या रजिस्टरात बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू असे रकाने असतात. मी 'शेवटची भेट' असा एक वाढवून घेतला. मनोहरअण्णा कुरकुरले. पहिल्या महिन्यात तो जवळजवळ कोराच राहिला, तेव्हा गप्प झाले.

नवे पाळक माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. मी सांगतो, यादी सेक्रेटरीकडूनच घ्या, पण वाचण्याआधी एकेका दारावर जाऊन या. गेलेल्याच्या घरी सांत्वन होईल. गेलेला नसला, तर तो स्वतःच सांगेल.