काच फुसकी नव्हती

नीलव्वा बांगड्या भरायला बसली की आधी गिऱ्हाइकाचा हात मांडीवर घेऊन चोळायची, आणि तोंड सारखं चालू. "हात सैल सोड की, तंगी. काच काय चावत न्हाय." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. साठीच्या म्हातारीलाही ती तंगीच म्हणायची, आणि म्हातारी खूश व्हायची. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या दुकानात बायका यायच्या त्या तिच्यासाठी. शेटजी नुसते गादीवर बसून वारा घ्यायचे. नीलव्वा नवऱ्यानं टाकलेली, पदरी दोन पोरं. त्या दुकानावरच तिची चूल पेटायची.

गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या आधीची. मी चौदा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन सोलापुरात आलेली. एकाच महिन्यात सासूबाई मला दुसऱ्यांदा दुकानात घेऊन आल्या आणि भरल्या दुकानात शेटजींना म्हणाल्या, तुमची काच फुसकी, आमच्या सुनेच्या हातात आठ दिवस टिकत नाही. आणि हे बोलत कोण होतं? भाकरी करपली म्हणून जिनं आदल्या दिवशी माझा हात पिरगळून बांगड्या फोडल्या, तीच! बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, असं आम्हाला शिकवलेलं. मी म्हणते, फोडल्या. आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

नीलव्वानं माझ्या मनगटावरचे काळेनिळे वळ पाहिले. हात चोळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "काच चांगली हाय. असा हात पिरगळल्यावर लोखंडाची बांगडी बी टिकायची न्हाय, बाईसाब."

पाच-सहा बायका होत्या, सगळ्या आपापल्या बांगड्या न्याहाळायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, हिला आत्ता काढा, नाहीतर आमच्या आळीतली एक बाई तुमची पायरी चढणार नाही. शेटजींनी तोड काढली. काच फुसकी होती, एवढंच नीलव्वानं म्हणायचं. स्वतःच्या मालाची बदनामी चालेल, पण पैसेवालं गिऱ्हाईक खोटं पडता कामा नये! असली ही माणसं.

"मी न्हाय म्हणायची," नीलव्वा म्हणाली.

"मग ऊठ."

"उठते की. पर हिचा हात अर्दा भरलाय. अर्द्या हातानं कुनाला उठवत न्हाय मी." आणि उरलेल्या बांगड्या तिनं एकेक करून भरल्या, नेहमीसारख्याच सावकाश.

भरून झाल्यावर कासारणीला नमस्कार करायची रीत. सासूबाई म्हणाल्या, काही गरज नाही. मी वाकले. नीलव्वानं मला धरून उठवलं आणि पुटपुटली, "हात पदराखाली झाकू नगंस, तंगी. दिसू दे लोकान्ला."

पेठेतल्या दुसऱ्या कुणी तिला ठेवून घेतलं नाही. पोरं घेऊन ती कुर्डुवाडीला भावाकडे गेली म्हणतात. मला परत दिसली नाही. त्या दुपारी मात्र मी सगळी पेठ पायी ओलांडली. सासूबाई मागून दबक्या आवाजात सांगत होत्या, हात झाक, हात झाक.

मी झाकला नाही.