चांगुणाबाईची हरकत

चांगुणाबाई शेलारांचा विश्वास फक्त येशूवर होता. बाकी दूधवाल्याचं माप म्हणू नका, एस.टी.ची वेळ म्हणू नका, सगळ्यांवर संशय. मी केशर, त्यांची शेजारीण. जन्म गेला माझा त्यांच्या भिंतीला भिंत लावून, पण उसनी साखर परत करायला गेले तरी बाई वाटी हलवून बघायच्या. हसू नका, खरं सांगतेय!

पाथर्डीकडच्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या त्या बायबलबाई. पवित्र शास्त्र काखेत धरून घरोघर जायचं, बायकांना वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. नवरा लवकर वारला, पदरात दोन मुली. थोरलीला बघायला आलेला मुलगा बाजाची पेटी इतकी गोड वाजवायचा की बाई तेवढ्या एकदाच भुलल्या. ख्रिस्ती होऊन त्यानं लग्न केलं, आणि वर्षाच्या आत त्याच्या घरात देव्हारा परत आला. लेकीनं चर्चची पायरी सोडली, मग आईचीही सोडली. तेव्हापासून बाईंचं एकच पालुपद, "एक लेकरू हातचं गेलं केशर, दुसरं जाऊ देनार न्हाई."

दुसरं म्हणजे एस्तेर. बालवाडीत शिकवायची, गुणाची पोर. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं पाझर तलावाचं काम निघालं आणि तिथल्या मुकादमानं तिला मागणी घातली. पोरगा निर्व्यसनी, त्याच साली बाप्तिस्मा घेतलेला, एस्तेरच्या मनात भरलेला. सगळं ठीक, पण नाव कानिफनाथ! मढीच्या देवाच्या नवसानं झालेला.

"मिशनची दुधाची पावडर मिळती म्हनून ख्रिस्ती झाला असंल," बाई म्हणाल्या. "आन बाप्तिस्मा घेताना नाव बदलायला काय झालं हुतं?"

हे कानावर गेल्यावर त्यानंच येऊन शांतपणे सांगितलं, "मावशी, आईला दिसत न्हाई. ती ह्याच नावानं हाक मारती. नाव बदललं तर तिला वाटंल पोरगंच बदललं."

बाईंना ते काही पटलं नाही. त्यांनी त्याचं नाव म्हणून कधी तोंडातून काढलं नाही. "त्यो पोरगा" म्हणायच्या. एकदा जेवायला बोलावून प्रार्थना करायला लावली, त्यानं दोन वाक्यांत आटोपली. तो गेल्यावर म्हणाल्या, "मनात कायच न्हाई बघ त्याच्या." लांबवली असती तर म्हणाल्या असत्या, पाठ करून आला! मी सांगते ना, त्या संशयापुढं कुणाचं काही चालायचं नाही. पण एस्तेर हटेना, तेव्हा नाइलाजानं हो म्हणाल्या. लग्न ईस्टरनंतर ठरलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार भर मंडळीत नावं पुकारतात, आणि पाळकसाहेब विचारतात, कुणाची हरकत आहे का? दोन पुकारे सुखरूप पार पडले. तिसऱ्या रविवारच्या आधी रंगपंचमी आली. म्हणजे मढीची यात्रा. आणि मुकादमानं नेमकी त्या दिवशीची सुट्टी टाकलेली.

"चल," बाई मला म्हणाल्या.

"कुठं?"

"मढीला. डोळ्यांनी बघायचंय मला. बघितलं की रविवारी सोता उभी राहून हरकत घेते."

अहो, बायबलबाई आणि मढीच्या यात्रेला! पण मला ओढतच नेलं. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत. गडाच्या पायऱ्यांवर ही गर्दी, लोक रेवड्या उधळतायत, आणि आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या. आणि दिसला की तो! म्हातारी आई पाठुंगळी, हातात नारळ. दाराशी त्यानं तिला उतरवलं आणि दोघं आत गेली. बाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली.

"बघितलास नारळ?" त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. संशय खरा ठरला म्हणून आनंद झाला नव्हता बाईला. लेकीला काय सांगू, एवढंच वाटेत पुटपुटत होत्या.

एस्तेरला काही सांगवलं नाही त्यांना. रविवार आला. चर्च भरलेलं. कानिफनाथाची आई बाहेर लिंबाखाली बसलेली, कारण तिनं काही आपला देव सोडला नव्हता. पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा नावं पुकारली आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

चांगुणाबाई उठणार, तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं मंडळीचे पंच काकासाहेब उभे राहिले. "माझी हाय. नवरीची आई रंगपंचमीला मढीच्या गडावर हुती. आमच्या बायबलबाई! पदर घेतला हुता, पर मी चालीवरनं वळखलं. मी आपला वीटभट्टीसाठी गाढवं घ्यायला यात्रेच्या बाजारात गेल्तो."

सगळ्या माना बाईंकडं वळल्या. काय सांगणार? जावयावर पाळत ठेवायला गेले होते म्हणून? मी आपली माझं नाव निघालं नाही म्हणून देवाचे आभार मानत बसले होते. आणि गप्प राहिला असता तर कानिफनाथाचंही काही बिघडत नव्हतं. आम्हा दोघींशिवाय त्याला तिथं कुणी पाहिलंच नव्हतं.

तो उभा राहिला.

"पाळकसाहेब, मीबी हुतो. आईची दरसालची वारी हाय, तिला पाठीवर घिऊन गेलो. नारळ तिचा, फोडला तिनं. मी हात जोडले न्हाईत. मावशी माझ्यामागं आल्या हुत्या, मला पायऱ्यांवर दिसल्या. त्यांची काय चूक न्हाई. हरकत घ्यायची तर माझ्यावर घ्या."

"तू बघितलंस आम्हाला?" चांगुणाबाई भर चर्चमध्ये ओरडल्या. "मग नारळ लपवला का न्हाईस?"

"लपवायचं काय त्यात, मावशी? माझी आई हाय ती."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "चांगुणाबाई, मुलीची आई तुम्ही. तुमची हरकत आहे का?"

बाई उठल्या आणि सरळ दाराबाहेर गेल्या. एस्तेरचा चेहरा पांढरा पडला. मी धावत दाराशी गेले. बाई लिंबाखाली म्हातारीपुढं उभ्या होत्या.

"कोन हाय?" म्हातारीनं हात पुढं करून विचारलं.

बाईंनी तो हात धरला. "चला आत. हितं ऊन आलंय," त्या म्हणाल्या. "मी कानिफनाथाची सासू."