सारसांचे घोरमामा

मामांना कशाचाही घोर लागायचा. आभाळ भरलं तरी, आणि नाही भरलं तरी. चहा पितानाही त्यांचा एक कान शेताकडे असे. कुत्रं भुंकलं की कप तसाच ठेवून उठायचे. सिहोऱ्यात सगळे त्यांना घोरमामा म्हणत. "कोनीतरी घोर कराले पायजे ना, पोरी," एवढंच ते म्हणायचे.

जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते गावी आले आणि त्यांच्या घोरात सारस पक्ष्यांची भर पडली. आमच्याकडे सारसांच्या मोजक्याच जोड्या उरल्यात. ते धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभं धान उपटून घरटं करतात. मग शेतकरी चिडतो, अंडी फुटतात. आम्ही भंडाऱ्याची चार पक्षीवेडी माणसं सुटीला एसटीने सिहोऱ्याला जाऊन मामांबरोबर घरट्यांची राखण करायचो. पहिल्याच दिवशी मी हौसेनं कॅमेरा काढला, तर मामांनी हात आडवा धरला. "फोटू मंग. तू दिसली का ते उठते, ते उठलं का कावळा येते."

त्या वर्षी घरटं मामांच्या शेताशेजारी, शालिकच्या बांधीत झालं. शालिक वैतागला होता. "निंदाले बाया येतील, त्यायले मी कायले अडवू?"

मामांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "तुयं जेवढं धान जाईल तेवढं माह्या बांधीतलं काप. पन तिकडे कोनाले जाऊ देऊ नको."

"पाखरासाठी, मामा?"

"हो. माह्या घरी खानारे दोघंच."

मग झड लागली. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा पाणी घरट्याच्या काठाला टेकलं होतं. मादी चोचीनं गवत उचलून अंड्यांखाली सारत होती. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची बांधी खालच्या अंगाला. त्यांनी फावडं घेतलं आणि दोन्ही शेतांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडायला सुरुवात केली. पाणी धो धो त्यांच्या नुकत्याच निसवलेल्या, लोंब्या आलेल्या धानात शिरलं.

"अवो, आपलं धान!" मामी ओरडल्या.

"दिसून राहिलं मले," मामा म्हणाले.

शालिक केव्हा येऊन उभा राहिला, कळलं नाही. मामांच्या हातातलं फावडं घेऊन त्यानं भगदाड रुंद केलं.

दोनपैकी एका अंड्यातून पिल्लू आलं. आम्ही आनंदलो, मामा दुसऱ्या अंड्यासाठी दोन दिवस नीट जेवले नाहीत. दिवाळीनंतर पिल्लू आईबापांमागे ऐटीत चालू लागलं, तर मामांचं भलतंच. "आता हे उडाले शिकन. अन् वर तं विजेच्या तारा!"

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी शेतातून आले, छातीत दुखतं म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. त्यानंतर सिहोऱ्याला जायचा मला धीर होईना. यंदाचा अर्धा पावसाळा मी काही ना काही कारणं सांगून टाळला.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. शालिक होता.

"ताई, सारसाची जोडी यंदा पलीकडच्या टोलीत, त्या वस्तीजवळच्या बांधीत बसली. त्या शेताचा मालक आयकत नाही. मी रोज जाऊन बसून राहिलो धुऱ्यावर, पन मले बोलता येत नाही तुमच्यासारखं. अन् आज पानी चढून राहिलं. येता का?"

मी साहेबांना सांगितलं आणि बस स्टँडकडे निघाले.