सायकलच्या ट्यूबची पट्टी

धाकटा भाऊ गेल्यावर ऊर्जानगरच्या क्वार्टरमधून त्याची मोटरसायकल मी घेऊन आलो. ती विकायची नाही, चालवायची, एवढंच ठरवलं होतं. धानोऱ्याला जाताना बुटावर तेलाचे थेंब दिसले, म्हणून वाटेतल्या गॅरेजपाशी थांबलो.

इंजिनातलं तेल थंड व्हायला ऑइल कूलरकडे नेणारे-आणणारे दोन्ही रबरी पाइप तडकले होते. त्यांपैकी एकावर भावानं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून गाठ मारली होती. त्याच्या हातची ती गाठ पाइपाबरोबर कचऱ्यात जाणार, हे मला सोसेना.

"पाइप बदला, पण पट्टी कापू नका," मी म्हणालो.

मेकॅनिक हसला. "काऊन भाऊ, सोन्याची हाय का? कोनं बांधली?"

"धाकट्या भावानं. तो आता नाही."

त्यानं कातरी खाली ठेवली. फ्रेमच्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "पाइप इथी घासते, म्हनून बांधली त्यानं. नवा बी इथीच घासन. पट्टी चांगली हाय, पुन्हा लावू. पन गाठ सोडा लागते. तुम्हीच सोडा."

तेलानं रबर निसरडं झालं होतं. मी नखानं गाठ सोडवली. नवे पाइप बसल्यावर पट्टीवरच्या जुन्या वळ्या बघत तशीच ती गुंडाळली. गाठ मात्र माझी पडली, थोडी ओबडधोबड.

धानोऱ्यापर्यंत बूट कोरडे राहिले.