खांबाला सांगितलेलं मत

१९५९. दिवाळीनंतरचा सोमवार, सकाळची वेळ. कुरखेड्याजवळचं आमचं गाव, शाळेची ओसरी. हजर: सरपंच, चार पंच, बायांसाठीच्या राखीव जागेवर आलेली एक बाई आणि कामकाज लिहायला मी, शाळेची मास्तरीण. दुसरी बाई-पंच बाळंतपणासाठी माहेरी.

विषय एकच होता. गावच्या विहिरीवर टोल्यातल्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या, बौद्ध बायांनी स्वतः पोहरा सोडून पाणी काढावं की नाही. अस्पृश्यताबंदीचा कायदा होऊनही त्या बाया विहिरीच्या कट्ट्याखाली घागरी मांडून उभ्या राहत. गावातली कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. धानकापणीच्या दिवसांत ओतायला कोणाला सवड नसे.

चार पंचांपैकी दोघे हो म्हणाले, दोघे नाही. मतं सारखी पडली तर निर्णय सरपंचांचा, आणि त्यांचा नकार सगळ्यांना ठाऊक होता. राहिलं त्या बाईचं मत.

अडचण अशी, की सरपंच तिचे भासरे होते, नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी बाई थेट बोलत नाही. जवळ मूल असेल तर त्याला सांगायचं, नसेल तर भिंतीला. ती पदर पुढे ओढून ओसरीच्या खांबाकडे वळली.

"सांगजो रे खांबा, माहं मत हो आहे. टोल्यातल्या बायाईनं पानी काढावं."

पंच हसले. एक जण म्हणाला, "आलापल्लीचा सागवान आहे बाई. आयकन बरोबर."

सरपंच तंबाखू मळत राहिले. "मले तं कोनी काई सांगतलं नाई. अन् खांब काई पंच नाई. मास्तरीनबाई, लिहा, दोन आनि दोन."

मी लिहिलं नाही, पण बोललेही नाही. वर्गात पोरांना दरडावणारी मी, घरी माझ्या भासऱ्यांशी दाराच्या चौकटीकडे तोंड करूनच बोलत होते. ती आता गप्प बसणार, हे मला दिसत होतं.

ती उठली. पदर मागे सारून, चेहरा उघडा ठेवून सरपंचांसमोर उभी राहिली.

"घरी तुमी भासरे. तिथी मी भिंतीशीच बोलीन. इथी तुमी सरपंच आहा. सरपंच भाऊ, माहं मत हो आहे. आता आयकू आलं का?"

कोणी हसलं नाही. तंबाखू सरपंचांच्या तळहातावर तशीच राहिली. नजर त्यांनीच खाली घेतली.

"आलं," ते म्हणाले. "लिहा, मास्तरीनबाई."

तीन विरुद्ध दोन. मी लिहिलं. पुढे पुष्कळ सभांचं कामकाज मी लिहिलं, मंत्र्यांच्याही. इतकं मोठं काही माझ्यासमोर पुन्हा घडलं नाही.

सभा संपताच आम्ही दोघी ठरावाचा निरोप घेऊन टोल्यात गेलो. बाया विळे घेऊन कापणीला निघाल्या होत्या. सगळं ऐकून एक म्हातारी म्हणाली, "ठराव चांगला झाला वं माय. पन पयली घागर कोन भरन?"



"उद्या सकाळी मी विहिरीवर उभी राह्यतो," माझ्यासोबतची पंचबाई म्हणाली. "तुमच्यातली एक तरी या."

येते, असं कोणी म्हणालं नाही. नाही, असंही नाही. बाया शेताकडे गेल्या. पहिली घागर अजून भरायची होती.